करारावर नाव आहे, नकाशात जागा नाही

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका वास्तुकला महाविद्यालयातून फोन आला. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या वसाहतीचे आराखडे केले आहेत. ते तपासणाऱ्या मंडळीत वस्तीत काम करणारी एखादी व्यक्ती असावी असं वाटतं, तर याल का? मी हो म्हटलं. एम.एस.डब्ल्यू. करून वस्तीत काम सुरू केल्याला मला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत वस्तीच्या घरांबद्दल आमचं मत विचारायला कुठलं वास्तुकला महाविद्यालय पहिल्यांदाच आलं होतं.

वर्गात बावीस विद्यार्थी, त्यांतल्या पंधरा मुली. बघूनच बरं वाटलं. एकेक जण पुढे येऊन आपला लॅपटॉप जोडायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर अख्खी इमारत उभी राहायची. बोटाच्या इशाऱ्यासरशी ती गोल फिरायची, छप्पर बाजूला व्हायचं, आपण जिन्यातून वर जाऊन घरात शिरायचो, खिडकीतून बाहेर पाहायचो. दुपारचं ऊन कुठवर येईल तेही दिसायचं. आमच्या पिढीतल्या बहुतेकींनी आर्किटेक्ट म्हटलं की मोठा कागद, टी-स्क्वेअर आणि टोकदार पेन्सिल एवढंच पाहिलेलं. मी तर थक्क होऊन बघत राहिले.

थोड्या वेळाने माझं लक्ष त्या इमारतीतल्या माणसांकडे गेलं. चित्र जिवंत वाटावं म्हणून विद्यार्थी त्यात माणसं टाकतात. अशा तयार आकृत्यांचे संग्रह इंटरनेटवर फुकट मिळतात, बरेचसे परदेशात बनलेले. आमच्या वस्तीच्या पुनर्वसनाच्या इमारतीत त्या दिवशी राहायला आलेली माणसं उंच होती, सडपातळ होती, एकाच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता, एकाच्या हातात कुत्र्याची दोरी. एक बाई होती, पाठमोरी, खांद्याला पर्स लावून कुठेतरी निघालेली. घरात एकही बाई नव्हती. ओटा होता, ओट्यापाशी कुणी नव्हतं.

मी एका मुलीला विचारलं, "सकाळी सहाला पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. ते भरून कुठे ठेवायचं?"

ती गोंधळली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, लायब्ररीत पिंप नाहीये."

लायब्ररी म्हणजे काय, ते मी नंतर तिच्याकडून समजून घेतलं. या संगणक-कार्यक्रमांत तयार वस्तूंचा साठा असतो. सोफा, डबल बेड, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, बाथटब, मोटारगाडी. उचलायची आणि ठेवायची. पिंप, हंडा-कळशी, घडीची खाट, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्यांची चळत, शिलाई मशीन या वस्तू शोधाव्या लागतात, नाहीतर स्वतः बनवाव्या लागतात. "बनवता येत नाही का?" मी विचारलं. "येतं की," ती म्हणाली, "पण कुणी मागत नाही."

शेजारी बसलेले एक अनुभवी आर्किटेक्ट सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, हे फार बारीक तपशील झाले. या टप्प्यावर आपण संकल्पना बघतो."

मी गप्प बसले. त्यांचा राग आला म्हणून नव्हे. बारीक तपशील म्हणून सोडून दिलेल्या एका गोष्टीची मला त्या क्षणी आठवण झाली, आणि ती गोष्ट मी स्वतः सोडून दिली होती.

बोट ठेवलं तिथे खिडकी होती

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना १९९५ पासूनची. योजना मंजूर व्हायची तर ठरावीक रहिवाशांची लेखी संमती लागते. पूर्वी ती ७० टक्क्यांची लागायची, नंतर ५१ टक्क्यांवर आणली गेली. घराचं क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, आता नियमाने ३०० आहे. या योजनेत एक चांगली तरतूद आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावे होतं. ज्या बाईच्या नावे आयुष्यात काहीच नव्हतं, तिचं नाव घराच्या करारावर येतं. आम्ही बायकांच्या बैठकांत हे आवर्जून सांगत आलो, आणि त्यात काही चूक नव्हती.

आठेक वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या भागातल्या एका गल्लीची अशीच योजना आली. बायकांचा माझ्यावर विश्वास. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला की त्या म्हणायच्या, "ताई बघतील आणि मग आम्ही सही करू." मी नकाशा बघितला. एका मावशींनी विचारलं, "ताई, खिडकी कुठं हाय?" भिंतीच्या जाड रेघेत एक तुटक जागा होती, तिथे दोन बारीक रेघा होत्या. मी तिथे बोट ठेवून म्हटलं, "ही बघा खिडकी." मावशींनी सही केली. मागून बाकीच्यांनीही केल्या.

इमारत झाली, लोक राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मावशींच्या घरात ट्यूबलाइट जळत होती. खिडकी होती, नकाशात होती तिथेच होती. पण ती उघडत होती डक्टमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांचे संडास-मोरीचे पाइप खाली जातात त्या अरुंद बोळात. उजेड नाही, वारा नाही, वास मात्र भरपूर. मावशी रागावल्या नाहीत. चहा टाकत एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोट ठेवलेली खिडकी ती हीच ना?"

मला नकाशा वाचता येत नव्हता. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्यक्तिकार्य, गटकार्य, समुदाय संघटन सगळं शिकले. ज्या कागदावर शंभर बायकांचं पुढचं सारं आयुष्य ठरतं, तो वाचायला मला कुणी शिकवलं नाही आणि आपण शिकावं असं मलाही सुचलं नाही. करारावर बाईचं नाव यावं म्हणून आपण भांडलो. नाव आलं. पण त्या घराच्या नकाशात ती कुठे उभी राहणार, कुठे बसणार, कुठे श्वास घेणार, हे पाहायचं आपल्याकडून राहून गेलं.

म्हणून त्या वर्गातल्या मुलांकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांच्या पडद्यावर जे दिसतं ते उद्या आपल्या बायकांच्या डोक्यावर उभं राहणार आहे, तेव्हा बोलणं भाग आहे.

यंत्र काय बघतं, काय बघत नाही

आधी थोडं या यंत्राबद्दल. संगणकावर रेघा ओढून चित्र काढण्याचा पहिला गाजलेला प्रयोग, स्केचपॅड, अमेरिकेत १९६३ मध्ये झाला. ऑटोकॅड १९८२ साली आलं, तेव्हा नकाशे कागदावरून पडद्यावर जायला लागले. स्केचअप २००० साली आलं आणि नवख्या विद्यार्थ्यालाही काही तासांत घर उभं करता येऊ लागलं. त्यापुढची रेव्हिटसारखी साधनं आणखी हुशार आहेत. त्यांत भिंत ही नुसती रेघ नसते. ती किती जाड आहे, कशाची आहे, हे त्या भिंतीला 'माहीत' असतं. एक दरवाजा हलवला की सगळ्या नकाशांत तो आपोआप हलतो.

यात एक सोय आहे, तिला टक्कर-तपासणी म्हणता येईल. पाण्याचा पाइप जर तुळईतून आरपार जात असेल तर संगणक त्या जागी खूण करून सांगतो, इथे चूक आहे. बांधकाम सुरू होण्याआधीच चूक कळते, पैसे वाचतात. एका विद्यार्थ्याने मला हे मोठ्या हौसेने करून दाखवलं.

मी त्याला विचारलं, संडासाचं दार उघडलं की ते गॅसपाशी बसलेल्या बाईच्या पाठीला लागतं, त्याची खूण होते का? रात्री सहा माणसं जमिनीवर झोपली की बाहेरचं दार आत उघडत नाही, त्याची होते का? तो हसला आणि मग विचारात पडला. म्हणाला, "माणूस मॉडेलमध्ये असेल तर होईल."

सगळं उत्तर त्याच्या त्या वाक्यात आहे. यंत्राला जे सांगितलं तेच त्याला दिसतं. पाइप सांगितला जातो, बाई सांगितली जात नाही.

उजेडाचंच घ्या. ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की सूर्याची सावली कुठे पडेल ते हीच साधनं दाखवतात. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही अंधार असतो. तिथला क्षयरोग आणि घरांत न पोहोचणारा उजेड-वारा यांचा संबंध डॉक्टर आणि आयआयटीच्या अभ्यासकांनी २०१८ च्या सुमारास दाखवून दिला. संगणकात ती सावली उमटायला काही मिनिटं लागतात. म्हणजे ज्ञान नव्हतं, यंत्र नव्हतं, असं म्हणता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या घरात दिवसभर कोण असतं, हा प्रश्न कुणी यंत्राला विचारला नव्हता. आणि दिवसभर घरात कोण असतं, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

कुणाच्या मापाने?

दुसरी गोष्ट मापाची. नवीन फाइल उघडली की स्केचअपमध्ये एक माणूस आधीच उभा असतो, प्रमाण कळावं म्हणून. ही पद्धत संगणकाच्या फार आधीची. फ्रान्समध्ये काम करणारा प्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने १९४० च्या दशकात 'मोड्यूलर' नावाची मापपद्धती तयार केली. एक माणूस हात वर करून उभा, आणि त्याच्या मापांवरून दार, ओटा, छत, सगळ्यांची मापं. आधी त्याने १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस धरला होता, नंतर तो बदलून सहा फुटी केला, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर. आणि तो पुरुष होता. हीच मापपद्धती त्याने आपल्या देशात चंदीगडसाठी वापरली.

भारतातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्या आदर्श माणसापेक्षा आपली बाई फूटभर बुटकी. हा फूट कुठे जातो? वरच्या फळीवरचा डबा काढताना ती पाटावर चढते, त्यात जातो. खिडकीची कडी लागत नाही म्हणून ती कायमची बंद राहते, त्यात जातो. उंच ओट्यावर कणीक मळताना तिचे खांदे भरून येतात आणि डॉक्टर तिला वयामुळे असं सांगतात, त्यात जातो.

आपल्याकडे मापं नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचं पुस्तक प्रसिद्ध केलं आहे. उभी, बसलेली, हात पसरलेली, उकिडवी, अशी मापं मिळतात. ती संगणकात भरणं अवघड काम नाही. मी त्या वर्गात विचारलं, तर दोघींनी ते पुस्तक ग्रंथालयात पाहिलं होतं. वापरलं कुणीच नव्हतं.

मुली आल्या, म्हणजे झालं?

इथे एक मैत्रीण नक्की म्हणेल, की बाविसांत पंधरा मुली आहेत ना, मग उद्या त्याच चित्र बदलतील. मलाही तसं वाटायचं. १९३६ साली पेरिन मिस्त्री मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तिथपासून आजच्या वर्गापर्यंतचा प्रवास मोठा आहे आणि त्याचं मोल आहेच.

पण एक गोष्ट सांगते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या तरुण स्त्री वास्तुकाराने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर तयार केलं. बाईची किती पावलं वाया जातात हे मोजून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्यूलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. बाईचे कष्ट कमी व्हावेत हा तिचा हेतू अगदी खरा होता. पण ते स्वयंपाकघर एवढं अरुंद की त्यात एकच बाई मावायची. नवरा मदतीला आला तर उभा राहायला जागा नाही, मूल पायांत घुटमळलं तर अडचण. पुढे म्हातारपणी तिनेच सांगितलं, की ते स्वयंपाकघर केलं तोवर तिने स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता.

तेव्हा बाईने काढलेला नकाशा आपोआप बायकांच्या बाजूचा होतो असं नाही. त्या वर्गातल्या मुलींपैकी एकीचं बालपण सोलापूरच्या दोन खोल्यांत गेलेलं, आई विड्या वळायची. चहाच्या वेळी तिने मला हे हळूच सांगितलं. आई कुठे बसायची, सूप कुठे ठेवायची, उजेडासाठी दिवसभरात जागा कशी बदलायची, सगळं तिला माहीत. तिच्या आराखड्यात मात्र सोफा होता. मी विचारलं, आईची जागा का नाही काढलीस? ती म्हणाली, "ते आर्किटेक्चरमध्ये येतं असं मला वाटलंच नाही, मॅडम."

पाच वर्षांच्या शिक्षणात मुलीला नवं यंत्र मिळतं, पण आईकडून आलेलं ज्ञान ती वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवते. या मुली आपल्यापासून अशा तुटू नयेत. ते आपलं काम आहे, आणि आपण ते केलेलं नाही.

फक्कीच्या रेघा आणि साड्यांच्या भिंती

त्या दिवशी निघताना मी तीन विद्यार्थिनींना म्हटलं, पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे या. त्या आल्या. बालवाडीच्या खोलीत वीस-बावीस बायका जमल्या. आधी मुलींनी नकाशा दाखवला. सगळ्या मान डोलवत राहिल्या, जशा आठ वर्षांपूर्वी डोलवत होत्या. मग पडद्यावर इमारत उभी करून फिरवली तेव्हा खोलीतला आवाजच बदलला. "थांब गं, माघारी ने. त्या जिन्याच्या वळणावर दिवा कुठंय? तिथं रातच्याला पोरं उभी राहतात." "हे दार समोरच्याच्या दाराला दार केलंय, आतलं सगळं दिसंल की." दहा मिनिटांत वीस प्रश्न. हे श्रेय त्या यंत्राचं आहे, ते मी मोकळेपणाने देते. जी बाई नकाशा वाचू शकत नाही, ती फिरणारं घर नक्की वाचू शकते.

पण पडद्यावर घर मोठं वाटतं. म्हणून मग आम्ही अंगणात गेलो. खो-खोच्या मैदानाला मारतात तशा फक्कीने ३०० चौरस फुटांच्या घराच्या रेघा मारल्या, बांबू रोवून साड्यांच्या भिंती केल्या. बायका आत शिरल्या. एकीने ओट्याच्या जागी उभं राहून लाटायचं नाटक केलं, तिचं कोपर संडासाच्या भिंतीला लागलं. सहाजणी आडव्या झाल्या, तेव्हा बाहेरचं दार अडलं. हसून हसून पुरेवाट झाली. मग आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मी कपडे कुठे बदलायचे?" त्यावर कुणी हसलं नाही.

ही युक्ती माझी नाही. १९८५ साली फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याच काळात भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका महिला मिलन या नावाने संघटित झाल्या. स्पार्क ही संस्था आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन त्यांच्या सोबत होते. या बायकांनी आपल्या घराचा आराखडा स्वतः केला. मापं घ्यायला साडी वापरली आणि बांबू, कापड घेऊन खऱ्या आकाराची घरं उभी केली, लोकांना आत फिरून बघता यावं म्हणून. जमीन थोडी, मग उंची वाढवू, १४ फूट उंच घर आणि वर माळा, ही कल्पना त्यातून पुढे आली. अशी घर-प्रदर्शनं नंतर दक्षिण आफ्रिकेसारख्या इतर देशांतल्या वस्त्यांतही भरली. लंडनमध्ये १९८० च्या दशकात मॅट्रिक्स नावाच्या स्त्री वास्तुकारांच्या सहकारी गटाने हाच विचार केला. व्हाइटचॅपल भागातल्या बांगलादेशी बायकांसाठी जागोनारी हे केंद्र त्यांनी त्या बायकांशी चर्चा करून, मॉडेलं समोर ठेवून आखलं. ते १९८७ मध्ये उभं राहिलं.

यातलं काहीच त्या वर्गाच्या अभ्यासात नव्हतं. ल कॉर्ब्युझिए होता, भायखळा नव्हता. महाविद्यालयापासून भायखळा लोकलने पंधरा मिनिटांवर.

रविवारच्या दुपारी त्या तिघींनी बालवाडीच्या पायरीवर बसून बदल केले. संडासाचं दार दुसऱ्या बाजूला फिरवलं, मोरी मोठी करून पिंपाला कोपरा दिला, बाहेरच्या गल्लीत चार-पाच जणी बसून काम करू शकतील अशी रुंद, उजेडाची जागा काढली. हाताने काढायचं तर याला आठवडा गेला असता, यंत्रावर तासाभरात झालं. दोन प्रश्न मात्र सुटले नाहीत. सहा माणसांच्या झोपण्याचा आणि त्या आठवीतल्या मुलीचा. ते संगणकाने सुटणारे नाहीत. ३०० चौरस फुटांवर मूळ भांडण आहे, आणि ते आपल्यालाच भांडायचं आहे.

शेवटच्या तपासणीला मी पुन्हा गेले. सोलापूरच्या त्या मुलीने पडद्यावर इमारत उभी केली. गल्लीत पाच बायका बसल्या होत्या, एकीच्या पुढ्यात सूप होतं. आकृत्या तिने स्वतः बनवल्या होत्या, उंची १५२ सेंटिमीटर. मोरीत निळं पिंप होतं. एक परीक्षक म्हणाले, "चित्रात जरा गर्दी झाली आहे." तिला बेताचेच गुण मिळाले. पण ते पिंप आता वर्गातल्या सगळ्यांच्या लायब्ररीत आहे.

आपण काय करू शकतो

यावर आक्षेप येतील. विद्यार्थ्यांना एका सत्रात किती करायचं? शेवटी बांधतो बिल्डर, मग कॉलेजातल्या आराखड्याने काय होणार? आक्षेप खरे आहेत. पण बिल्डरच्या कार्यालयात रात्री दहापर्यंत बसून ते नकाशे काढणारी मंडळी म्हणजे हेच विद्यार्थी, दोन वर्षांनंतरचे. ज्या हाताला पिंप काढायची सवय लागली, तो हात एखाद्या दिवशी साहेबांना विचारेल, "सर, ही खिडकी डक्टमध्ये उघडते, चालेल का?" आज तेवढं विचारणारंही कुणी नसतं.

वास्तुकला महाविद्यालयांकडे आपण दोन गोष्टी मागू या. घरांचा विषय असेल तेव्हा तपासणीला त्या वस्तीतल्या दोन बायका असाव्यात, आणि त्यांच्या हाती गुणही असावेत, नुसता चहा नव्हे. दुसरं, संगणकात घर उभं करण्याआधी ते एकदा जमिनीवर आखलं जावं, राहणाऱ्या बायकांना आत उभं करून. खर्च फक्कीचा आणि दोरीचा.

पण त्याआधी आपल्या गटांनी स्वतःशी ठरवायला हवं. नकाशा वाचायचं शिबिर अर्ध्या दिवसात होतं. दार कसं दाखवतात, खिडकी कशी, डक्ट कसा, उत्तर दिशा कुठे. बचत गटाचे हिशोब शिकलो, पोलीस ठाण्यात तक्रार लिहायला शिकलो, मग हेही येईल. आणि नियम एकच ठेवू: जमिनीवर घर आखून पाहिल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही नाही. बिल्डरच्या माणसाला घाई असेल तर ती त्याची अडचण.

आमच्या शेजारच्या गल्लीत पुढच्या महिन्यात संमतीपत्रं येणार आहेत. आम्ही दोरी आणि फक्कीची दोन पोती आणून ठेवली आहेत. त्या तिघी विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन येतील. आणि नकाशातली खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, हे बायकांना शिकवायला ट्यूबलाइटच्या घरातल्या मावशी येणार आहेत. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा म्हणाल्या, "येते की. पण ताई, या खेपेला बोट मी ठेवणार."